झोलाची वंशवेल आणि पॅरिसचा गुत्ता
मनोविकार व व्यसन यांच्या आनुवंशिक नात्याचा एक वाङ्मयीन विचार

१

एमिल झोला (१८४०–१९०२) ह्या फ्रेंच कादंबरीकाराने १८७१ ते १८९३ ह्या अवधीत 'रुगाँ-माकार' नावाची वीस कादंबऱ्यांची जी माला लिहिली, तिच्या मुळाशी एक शास्त्रीय गृहीत आहे. मनाचा विकार आणि मद्याचे व्यसन ही दोन्ही एकाच रक्तातून वाहत येतात, पिढीगणिक रूप पालटतात, आणि व्यक्तीने काहीही केले तरी आपला वाटा वसूल केल्यावाचून राहत नाहीत, हे ते गृहीत होय. त्यासंबंधी समीक्षेत दोन वृत्ती आढळतात. एका वृत्तीस ते एकोणिसाव्या शतकातील कालबाह्य शास्त्राचे ओझे वाटते; ते बाजूस सारून कादंबऱ्यांचा आस्वाद घ्यावा, असा तिचा सल्ला असतो. दुसरी वृत्ती अलीकडची आहे. मनोविकार व व्यसनाधीनता यांची जनुकीय पाळेमुळे अंशतः समान आहेत असे गेल्या काही वर्षांतील संशोधनाने दाखविले, तेव्हा झोला हा द्रष्टा ठरला, असे तिचे म्हणणे असते.

ह्या दोन्ही वृत्तींत एकच उणीव आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्या झोलाचे गृहीत वाचतात, परंतु त्याची कादंबरी वाचीत नाहीत. मालेतील सातवी कादंबरी 'लासोम्वार' (१८७७) बारकाईने पाहिली, तर झोलाच्या वंशवेलीने जे सांगितले त्याहून निराळे आणि अधिक खरे असे काही त्याच्या पात्रांनी सांगितले आहे, असे दिसून येईल. आजचे जनुकशास्त्र झोलाच्या उपपत्तीच्या बाजूने साक्ष देत नाही. देत असलेच तर त्याच्या कादंबरीच्या बाजूने देते. ह्या विधानाची छाननी करणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम उपपत्तीचे स्वरूप पाहू. मालेची आदिमाता आदेलाईद फूक ही दक्षिण फ्रान्समधील प्लासाँ ह्या कल्पित गावची. तिचा पिता वेडाने मेला. तिला स्वतःला मज्जाविकाराचे झटके येतात. रुगाँ नावाच्या माळ्याशी तिचा विवाह होतो. त्याच्या मृत्यूनंतर माकार नावाच्या मद्यपी चोरट्या व्यापाऱ्याशी तिचा संबंध येतो. अशा रीतीने मनोविकार मातेकडून आणि मद्य प्रियकराकडून येते, आणि माकार शाखेच्या वाट्यास दोन्ही येतात. मालेच्या प्रास्ताविकात झोला आनुवंशिकतेचे नियम गुरुत्वाकर्षणाच्या नियमांच्या पंक्तीस बसवतो. प्रोस्पेर ल्यूका ह्याचा आनुवंशिकतेवरील द्विखंडात्मक ग्रंथ (१८४७–५०) हा त्याचा मुख्य आधार होता. पिढ्यान्‌पिढ्या वंशाचा अपकर्ष होत जातो हे बेनेदिक्त मोरेल ह्या मानसरोगतज्ज्ञाने १८५७ मध्ये मांडलेले मत त्या काळी सर्वत्र पसरले होते, त्याचीही छाया मालेवर स्पष्ट आहे. मोरेलच्या मते पहिल्या पिढीतील अतिरेक पुढच्या पिढीत उन्माद होतो, त्यापुढे मतिमंदत्व, आणि अखेर वंश खुंटतो.

ही वेल झोलाने केवळ मनात धरली नव्हती. १८७८ मध्ये त्याने ती छापून प्रसिद्ध केली आणि १८९३ मध्ये 'डॉक्टर पास्काल' ह्या शेवटच्या कादंबरीसोबत सुधारून पुन्हा छापली. ह्या दोन आवृत्त्यांतील एक फरक फार बोलका आहे. 'लासोम्वार'मधील जेर्व्हेज हिला पहिल्या प्रियकरापासून, म्हणजे लान्तिए ह्याच्यापासून, क्लोद व एतिएन असे दोन मुलगे आहेत. पुढे १८९० मध्ये रेल्वेच्या जीवनावरील कादंबरीसाठी झोलास हत्येच्या आवेगाने पछाडलेला नायक हवा होता. तेव्हा त्याने जेर्व्हेजला जाक नावाचा एक तिसरा मुलगा दिला, आणि १८९३ च्या वेलीत त्याला रीतसर जागा मिळाली. ज्या वेलीने कादंबऱ्यांना जन्म द्यावयाचा, तिलाच कादंबरीने एक फांदी फोडली. गुरुत्वाकर्षणाच्या नियमास अशी सवलत मिळत नसते.

तथापि हा जाक उपेक्षणीय नाही. मद्याचा थेंबही आपल्याला वेडे करतो हे ओळखून तो ब्रँडीच्या पेल्यास शिवत नाही. तरीही वाडवडिलांनी ढोसलेल्या मद्याची किंमत आपण मोजीत आहो, अशी त्याची दृढ समजूत आहे. पूर्वजांचे व्यसन वंशजांत मनोविकार होऊन उतरते, हा सिद्धान्त येथे पात्राच्या स्वतःच्या मुखी आला आहे. मालेत हा सिद्धान्त इतक्या निरपवाद रीतीने क्वचितच मांडला गेला असेल; आणि नेमकी हीच फांदी मागाहून जोडलेली आहे.

३

आता 'लासोम्वार'कडे वळू. पॅरिसच्या उत्तरेकडील कष्टकऱ्यांच्या वस्तीतील कोलोंब म्हाताऱ्याचा गुत्ता हे ह्या कादंबरीचे केंद्र आहे. घाव घालून माणसास आडवे करणारे ठिकाण, असा 'लासोम्वार' ह्या शब्दाचा भाव आहे. नायिका जेर्व्हेज ही माकार शाखेची. आईबापांच्या मद्यधुंद अवस्थेत तिचा गर्भ राहिला म्हणून ती जन्मतः एका पायाने लंगडी आहे, असे मालेच्या पहिल्या कादंबरीत सांगितले आहे. बालपणी आईने तिला बडीशेपेचे मद्य पाजले आणि पुढे मायलेकी बरोबरीने पिऊ लागल्या. उपपत्तीप्रमाणे पाहता ह्याहून पूर्ण सामग्री कोणती हवी?

पण पॅरिसला आलेली जेर्व्हेज पीत नाही. कूपो ह्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराबरोबर ती गुत्त्यात बसते, तेव्हा ब्रँडीत मुरलेले फळ तेवढे खाते आणि मद्य तसेच ठेवते. आईबरोबर पिऊन जीव जायची वेळ आली होती, तेव्हापासून किळस आली आहे, असे ती सांगते. कूपोही पिणारा नाही. त्याचा बाप ह्याच धंद्यातला. तो मद्याच्या नशेत छपराच्या पन्हळीवरून कोसळून डोके फुटून मेला. ती आठवण घरात सर्वांना शुद्धीवर ठेवीत आली आहे. म्हणजे मद्यप्यांची दोन अपत्ये एकमेकांसमोर बसून मद्य नाकारीत आहेत, ह्या दृश्याने कादंबरीचा संसार सुरू होतो.

शेजारी तिसरा एक मद्यप्याचा मुलगा राहतो. लोहार गूजे ह्याच्या बापाने नशेत एका सोबत्यास लोखंडी दांड्याने ठार मारले आणि तुरुंगात स्वतःच्या रुमालाने गळफास घेतला. व्यसन, हत्या आणि आत्मघात असा तिहेरी वारसा असलेला हा पुरुष कादंबरीतील सर्वांत संयमी मनुष्य आहे. गूजे क्वचित जास्त प्याला, तर त्याची आई त्याला रागे भरत नाही. कपाटाच्या तळाशी जपून ठेवलेले बापाचे चित्र काढते आणि मुलाला त्याच्यासमोर उभे करते. आणि चौथी लाली. बिजार ह्या दारुड्याची ही लहानगी मुलगी आपल्या भावंडांची आई होते आणि बापाच्या मारहाणीने मरते. रक्ताचा नियम अटळ असता तर दयेचा व कर्तव्यबुद्धीचा असा झरा ह्या मुलीत कोठून येता?

वारसा चौघांचाही सारखा, परिणाम चौघांचे भिन्न. हा भेद झोलाने कोणत्या कारणांनी घडविला आहे ते पाहिले पाहिजे. कूपो छपरावरून पडतो. तो त्या वेळी पूर्ण शुद्धीवर असतो, खालून लहानगी नाना हाक मारते म्हणून तो वाकतो आणि तोल जातो. महिनोन्‌महिने तो अंथरुणावर असतो. बाप दारू पिऊन पडला, त्यात एक न्याय होता. आपण पाणी पिणारे असून का पडलो, हा प्रश्न त्याचे मन कुरतडतो. कामाची भीती, रिकामपणाची गोडी आणि दैवावरचा राग ह्यांतून तो गुत्त्याकडे वळतो. त्याच्या आजारपणात जेर्व्हेजची शिल्लक संपते. कपडे धुण्याचे तिचे दुकान गूजेने उसने दिलेल्या पैशावर उघडते, कर्जात बुडते. त्यातच लान्तिए परत येऊन तिच्याच घरात ठाण मांडतो. दुकान जाते, अब्रू जाते. त्यानंतर एका पावसाळी संध्याकाळी नवऱ्यास शोधण्यासाठी ती गुत्त्यात शिरते आणि आयुष्याच्या ह्या टप्प्यावर प्रथमच पेला ओठास लावते. पहिला पेला बडीशेपेच्या मद्याचाच असतो. वारसा येथे नाही असे नाही. तो त्या पेल्याच्या वासात आहे. परंतु तो उघडा पडण्यापूर्वी झोलाने मध्ये शेकडो पाने दारिद्र्य, अपघात आणि एकाकीपणा ह्यांनी भरली आहेत.

शेवटही असाच अर्थपूर्ण आहे. मद्याने येणाऱ्या उन्मादाचे, कंपाचे व भासांचे जे भयंकर वर्णन ह्या कादंबरीत आहे, ते माकार वंशातील व्यक्तीचे नाही. ते कूपोचे आहे, आणि कूपो वेलीत केवळ लग्नाने आला आहे. वेलीची खरी वारसदार जेर्व्हेज जिन्याखालच्या खबदाडात उपासमारीने मरते. दुर्गंधी सुटल्यावर शेजाऱ्यांना तिची आठवण होते.

४

कूपोच्या अखेरच्या दिवसांतील एक प्रसंग ह्या संदर्भात स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. पॅरिसच्या सेंत-आन ह्या मनोरुग्णालयात तो तडफडत असतो. ह्याच रुग्णालयातील वैद्य व्हालाँतँ मान्याँ ह्याचा मद्यजन्य उन्मादावरील १८७४ चा ग्रंथ झोलाने टिपणे काढून वाचला होता. कादंबरीतील वैद्य जेर्व्हेजला विचारतो, ह्याचा बाप पीत होता काय? ती म्हणते, थोडेसे, सर्वांसारखे; नशेत पडून मेला. आई? तीही सर्वांसारखीच, अधूनमधून. मग वैद्य तिच्याकडे रोखून पाहतो आणि विचारतो, तूही पितेस ना? ती चाचरते. एक दिवस तूही अशीच मरशील, असे सांगून तो वळतो.

हा प्रसंग उपपत्तीचा विजय म्हणून वाचला जातो. परंतु 'सर्वांसारखे' हा जेर्व्हेजचा शब्द पुन्हा वाचावा. ज्या वस्तीत सर्वच पितात, तेथे बाप पीत होता काय ह्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ काहीच सांगत नाही. गूजेच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर ह्याहून भयंकर आले असते आणि निदान साफ चुकले असते. शिवाय वैद्याचे भाकीतही खरे ठरत नाही. जेर्व्हेज तशी मरत नाही. प्रश्न अनाठायी नव्हता, कुटुंबाचा इतिहास आजही वैद्य विचारतात. पण येथे इतिहास विचारला जातो तो उपचारासाठी नव्हे, शिक्षा सुनावण्यासाठी.

५

आजचे ज्ञान ह्या चित्रात काय भर घालते? मेंडेलचे निष्कर्ष १८६६ मध्ये प्रसिद्ध होऊनही १९०० पर्यंत दुर्लक्षित राहिले; झोलास ते ठाऊक असण्याचा संभव नव्हता. वारसा आणि संगोपन ही दोन कारणे वेगळी काढण्याचा एक मार्ग दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास हा होय. डेन्मार्कमध्ये गुडविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये, जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत परक्या घरी वाढावयास गेलेल्या पुरुषांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. मद्याधीन मातापित्यांच्या ५५ मुलांपैकी सुमारे १८ टक्के पुढे मद्याधीन झाले. तुलनेसाठी घेतलेल्या ७८ जणांत हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. म्हणजे वारशास खरोखरच वजन आहे. परंतु ह्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की, त्या ५५ पैकी पाचांत चारांहून अधिक जण मद्याधीन झाले नाहीत. गूजे आणि लाली हे अपवाद नाहीत; ते बहुसंख्य आहेत.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून मद्याधीनतेतील व्यक्तिव्यक्तींमधील फरकांपैकी सुमारे निम्मा आनुवंशिकतेकडे जातो, असे अनुमान निघते. हे प्रमाण समूहातील फरकांचे आहे. कूपोचे निम्मे व्यसन बापाकडून आले आणि निम्मे छपरावरून, अशी त्याची वाटणी करता येत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न मनोविकार आणि व्यसन यांच्या परस्परसंबंधाचा. १९९० मध्ये ब्लम, नोबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ मद्याधीन व ३५ इतर व्यक्तींच्या मेंदूंची तपासणी करून डोपामिन ह्या मेंदूतील द्रव्याशी निगडित अशा एका जनुकाचा मद्याधीनतेशी संबंध जोडला. वर्तमानपत्रांनी त्याचा मोठा गाजावाजा केला. पण त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांच्या तपासणीत तो संबंध आढळला नाही. एका जनुकात एक व्यसन शोधणे ही वंशवेलीचीच आधुनिक आवृत्ती होती. पुढे हजारो आणि नंतर लक्षावधी व्यक्तींच्या जनुकसंचाची तुलना होऊ लागली, तेव्हा निराळे चित्र दिसले. मद्याधीनता, छिन्नमनस्कता, विषाद हे सर्व विकार अत्यंत अल्प परिणामाच्या असंख्य जनुकभेदांच्या बेरजेशी संबंधित आहेत, आणि ह्या बेरजा एकमेकींवर अंशतः पडतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात मद्याधीनतेचे छिन्नमनस्कता व विषाद ह्यांच्याशी असे जनुकीय साहचर्य आढळले. परंतु मनुष्य सामान्यतः किती पितो आणि तो मद्याच्या कह्यात जातो की नाही, ह्या दोन गोष्टींमागील जनुकभेद एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. मनोविकारांशी असलेले नाते मुख्यत्वे दुसऱ्या गोष्टीचे आहे. जेर्व्हेजच्या 'सर्वांसारखे' ह्या उत्तरात हा भेद अजाणता उमटला होता.

ह्या साहचर्याचा अर्थ एकच नाही. समान पाळेमुळे हा एक अर्थ. मनाची वेदना शमविण्यासाठी माणूस मद्याकडे वळतो हा दुसरा; आणि मद्य वा गांजाच मनाचा विकार चेतवतो हा तिसरा. तिन्ही वाटा एकाच व्यक्तीत एकत्र येऊ शकतात. कूपोच्या कथेत दुसरी वाट आधी आणि तिसरी नंतर अशी स्पष्ट दिसते. ह्याउलट मोरेलची पिढीगणिक वाढत जाणारी अधोगती मात्र टिकत नाही. अपत्यास प्रत्येक जनकाकडून निम्मी जनुके मिळतात आणि प्रत्येक वेळी त्यांची नव्याने सरमिसळ होते. वारसा वाढत जाण्याऐवजी तो विरळ होण्याचा संभवही तितकाच असतो. आणखी एक मर्यादा आपल्याकडील अभ्यासकांनी ध्यानी ठेवली पाहिजे. ह्या संशोधनातील बहुसंख्य व्यक्ती युरोपीय वंशाच्या आहेत. त्यांवरून काढलेले गुणांक भारतीय व्यक्तीस जसेच्या तसे लावणे शास्त्रशुद्ध होत नाही.

६

मराठी वाचकास येथे राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' आठवणे अपरिहार्य आहे. हे नाटक गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याची भूमिका झोलाच्या बरोबर विरुद्ध टोकाची आहे. येथे वंशवेल नाही. सुधाकराच्या पूर्वजांनी काय केले हा प्रश्न नाटकाच्या रचनेत कोठेच निर्णायक नाही. नाश पहिल्या प्याल्यात आहे, आणि तो प्याला नाकारणे सुधाकराच्या हाती होते. झोलाच्या वेलीत व्यक्ती निर्दोष आणि असहाय आहे. गडकऱ्यांच्या नाटकात ती समर्थ आणि अपराधी आहे.

पण येथेही कृती गृहीताहून शहाणी आहे. सुधाकराच्या हाती प्याला येतो तो केव्हा? वकिलीची सनद काही काळ रद्द होते, मानी स्वभावाला ती मानहानी सोसवत नाही, आणि तळीराम विसरण्याचा उपाय घेऊन पुढे होतो. पॅरिसच्या कारागिराला छपरावरील अपघाताने आणि मराठी वकिलाला न्यायालयातील अवमानाने जी जखम झाली ती एकाच जातीची आहे. आपल्यावर अन्याय झाला ह्या भावनेने दोघांचेही मन आधी खचते आणि मद्य मागून येते. एकच प्याला हजारांच्या ओठास लागतो. सर्वांचे सुधाकर होत नाहीत. का होत नाहीत, ह्याचे उत्तर गडकऱ्यांनी स्वभावात शोधले, झोलाने रक्तात. हा स्वभाव घडविण्यात जनुकांचाही भाग असतो, हे दोघांपैकी कोणाच्याही गृहीतात पूर्णपणे बसत नाही.

७

हा विवेक केवळ वाङ्मयीन नव्हे. वंशापकर्षाची कल्पना कादंबरीच्या पानांतच राहिली नाही. १४ जुलै १९३३ रोजी जर्मनीत नाझी राजवटीने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा जो कायदा केला, त्यात छिन्नमनस्कता व उन्माद-विषाद ह्या विकारांबरोबर तीव्र मद्याधीनतेचाही उल्लेख होता. सुमारे ४ लक्ष माणसांवर त्या कायद्याचा अंमल झाला, असा अंदाज आहे. त्याचा दोष १९०२ मध्ये दिवंगत झालेल्या आणि ड्रायफस प्रकरणात निरपराध्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या झोलास देणे अन्यायाचे होईल. पण सेंत-आनच्या वैद्याचा प्रश्न न्यायासनावर बसला की काय होते, ते त्या कायद्याने दाखविले.

आपल्या समाजात हाच प्रश्न सौम्य रूपाने लग्नाच्या बोलण्यांत विचारला जातो. घराण्यात वेड नाही ना, कोणी पिणारा नाही ना, ह्या चौकशीस सत्य उत्तर दिले तर मुलीचे लग्न मोडते. म्हणून उत्तर लपविले जाते, आणि लपविण्यासाठी आजारी माणसालाही वैद्यापासून दूर ठेवले जाते. आनुवंशिकतेचे अर्धवट ज्ञान रोगाइतकेच घातक होते ते अशा ठिकाणी. जनुकशास्त्राच्या नव्या वार्ता जर ह्या चौकशीला नवे बळ देणार असतील, तर झोलाला द्रष्टा ठरविणाऱ्या समीक्षेने आपली भाषा तपासून पाहिली पाहिजे.

'लासोम्वार'ने ह्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, मात्र ते वंशवेलीत नसून गूजेच्या घरात आहे. ती आई वारसा नाकारीत नाही. बापाचे चित्र तिने फाडून टाकलेले नाही, चार लोकांत मांडलेलेही नाही. गरज पडते तेव्हा ती ते मुलापुढे धरते आणि पुन्हा जागी ठेवते. तिच्याजवळ मुलगा आहे, मुलाजवळ नेमाचे काम आहे, घर आहे. म्हणून चित्राचा उपयोग होतो. जेर्व्हेजजवळ ह्यांपैकी काहीच उरले नव्हते. वारशाचे ज्ञान हा इशारा होतो की शिक्षा, हे त्या ज्ञानाभोवती माणसाला कोणता आधार आहे ह्यावर अवलंबून असते. झोलाच्या उपपत्तीला हे मांडता आले नाही, पण त्याच्या कादंबरीने ते दाखवून ठेविले आहे, आणि ह्या मालेचा पुढील अभ्यास तेथून सुरू व्हावा असे प्रस्तुत लेखकास वाटते.